मातीची हुंडी

लालबागच्या नावात बाग आहे. परंतु ती शोधण्यासाठी जमिनीकडे पाहून उपयोग नाही. मान वर करून चाळींच्या गॅलऱ्यांकडे पाहावे लागते. लाकडी कठड्याला तारेने बांधलेले गोडेतेलाचे पत्र्याचे डबे, चीर गेलेल्या बादल्या, कान तुटलेली पातेली, आणि त्यांतून वर आलेली तुळस, सदाफुली, अबोली, कोरफड, एखादी गोकर्णाची वेल. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचे दिवस उगवत आणि मावळत, त्या माणसांनी दहा बाय बाराच्या खोलीबाहेर हातभर जागेत हे हिरवेपण जपले. भोंगे थांबले, डबे राहिले.

आमच्या आईची बोगनवेल अशाच एका डब्यात होती. बाबांनी ती १९८१ च्या पावसाळ्यात भायखळ्याहून आणली होती. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप संपल्याचे रीतसर कोणी कधी जाहीरही केले नाही. बाबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. वेल मात्र दरवर्षी फुलत राहिली. ज्या वर्षी घरात नाताळला नवे कपडे नव्हते, त्याही वर्षी तिने कठडा झाकून टाकला होता.

२०२२ साली चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची ठरली. आम्ही तिघा भावंडांनी एका रविवारी एकत्र बसून सर्व ठरवले: आईने वसईला आमच्याकडे यावे, सामान कमी करावे, जुने ते तेथेच सोडावे. निर्णय प्रेमाचा होता, याविषयी आजही आमच्या मनात शंका नाही. मे महिन्याच्या एका दुपारी आई आली, आणि तिच्याबरोबर बोगनवेलही आली.

वेलीचा डबा गंजून गेला होता. तो फोडल्यावर आत आणखी एक गंजलेला डबा निघाला, आणि त्याच्याही आत पत्र्याचे कुजके तुकडे. आम्हांला ते पाहून किळस आली. मुळांभोवतीची चाळीस वर्षांची काळी माती आम्ही नळाखाली धुऊन काढली. नवी, झिलईदार, भली मोठी कुंडी आणली. नवी लाल माती, नवे खत. वेल मधोमध उभी केली आणि भरपूर पाणी घातले. तिसऱ्या दिवशी पानांनी माना टाकल्या. आम्ही पाणी वाढवले. अकराव्या दिवशी देठाशी हात लावताच खोड सहज वर आले. खाली मुळे काळी पडून कुजली होती.

आई काही बोलली नाही. तिने वाळलेली पाने वेचून कागदात बांधली, एवढेच.

काही दिवसांनी शेजारच्या वाडीतील एक वृद्ध शेतकरी घरी आले. वसईच्या ज्या वाड्यांतून पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात फुले जातात, त्यांपैकीच एका वाडीत त्यांचे आयुष्य गेले. आम्ही त्यांना काका म्हणतो. रिकाम्या कुंडीकडे पाहून त्यांनी तीनच प्रश्न विचारले: "कधी हलवलीत? माती धुतलीत का? आणि कुंडी एवढी मोठी कशाला?" आमची उत्तरे ऐकून ते म्हणाले, "हुंडीच फोडलीत. मग ती जगायची कशी?"

रोप उपटताना मुळांना धरून जो मातीचा गोळा येतो, त्याला रोपांचा व्यवहार करणारे लोक हुंडी म्हणतात. आंब्याचे कलम लावताना पिशवी फाडावी, पण हुंडी फुटू देऊ नये, हे कोकणातील प्रत्येक बागायतदार जाणतो. या शब्दाचा दुसरा अर्थ आपणा सर्वांस ठाऊक आहे. एका गावच्या पेढीवर लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावी दाखविली की तेथे पैसे मिळत. परक्या मुलुखात रिकाम्या हाताने गेलेल्या प्रवाशाची पत तेवढ्या कागदात असे. रोपाचीही गोष्ट तशीच आहे. नव्या जागेत त्याची ओळख नसते, घेण्याचे मार्ग तयार नसतात. तोवर त्याला जगवते ती त्याच्याबरोबर आलेली जुन्या जागेची ओंजळभर माती.

असे का व्हावे, हे आम्ही नंतर समजून घेतले. जी जाड मुळे आपल्या डोळ्यांना दिसतात, ती रोपाला धरून ठेवतात. पाणी शोषण्याचे बहुतेक काम मात्र कोवळ्या मुळांच्या टोकांजवळची केसांहूनही सूक्ष्म मूलरोमे करतात. प्रत्येक मूलरोम म्हणजे एका पेशीला फुटलेली शाखा. हॉवर्ड डिट्मर नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ साली राय या धान्याच्या एका रोपाची मुळे मोजली. एका खोक्यात चार महिने वाढलेल्या त्या एका रोपाच्या मुळांची एकूण लांबी ६०० किलोमीटरहून अधिक भरली, आणि त्यांवरील मूलरोमांची संख्या सुमारे १,४०० कोटी. ही सारी मूलरोमे मातीच्या कणांना चिकटून असतात. माती धुतली की ती तुटतात. वरची पाने मात्र उन्हात पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडत राहतात. खर्च तोच, आवक बंद. म्हणून रोप माना टाकते. त्या वेळी आपण घाबरून अधिक पाणी ओततो. मोठ्या कुंडीतील मुळे न पोहोचलेली माती ते पाणी धरून ठेवते, तिच्यातील हवा जाते, आणि उरलीसुरली मुळेही कुजतात. आमची वेल आधी तहानेने कोमेजली आणि मग आम्ही दिलेल्या पाण्यात बुडाली.

सर्वच झाडे इतकी नाजूक नसतात. केळीचा मुनवा खणून दुसरीकडे लावला तर जोमाने वाढतो. कोरफड आठवडाभर मातीवाचून पडली तरी तग धरते. परंतु गोकर्ण, पपई आणि बोगनवेल यांना मुळांशी केलेली ढवळाढवळ सोसत नाही. बोगनवेलीचे नवल हे की वरून तिच्याइतकी कणखर वेल नाही. ऊन, दुष्काळ, छाटणी, सारे ती सोसते. अंगावर काटे बाळगते. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. १७६७ च्या सुमारास बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रदक्षिणेत कोमेर्सों या वनस्पतिज्ञाला ती ब्राझीलमध्ये आढळली, आणि आज आपल्याकडील कोणत्याही कुंपणावर ती परकी वाटत नाही. अशा वेलीची मुळे मात्र बारीक आणि ठिसूळ असतात. ती माती घट्ट बांधून ठेवू शकत नाहीत. डबा काढताच गोळा विस्कटतो. म्हणजे नाजूकपणा हा दुबळेपणा नव्हे. ज्या ठिकाणी जीव बाहेरच्या जगापासून काही घेतो, त्या ठिकाणी तो नाजूक असतोच. एरवी घेता येणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. दुसऱ्या जिवाला त्याच्या भल्यासाठी हलवण्याचा अधिकार आपणांस केव्हा असतो, आणि त्या अधिकाराबरोबर कोणते ऋण अंगावर येते?

काकांच्या तीन प्रश्नांत याचे बरेचसे उत्तर आहे. परंतु त्यांच्याही आधी एक चौथा प्रश्न आहे: हलवण्याची गरज कोणाची? मुळे डब्याच्या तळातून बाहेर डोकावू लागली, घातलेले पाणी न थांबता खाली निघून जाऊ लागले, वाढ खुंटली, तर रोपाची गरज आहे. डबा दिवाणखान्याला शोभत नाही, म्हणून ते हलवावे असे वाटले, तर गरज आपली आहे. आपली गरज असणे हा गुन्हा नव्हे. पण तिला रोपाचे भले असे नाव देणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. बोगनवेल तर मुळे काहीशी दाटीत असली की अधिक फुलते. जे आम्हांला अडचणीचे दिसत होते, ते तिला सोसत होते, इतकेच नव्हे तर मानवत होते.

गरज खरी असली तर मग वेळ, माती आणि मोजमाप. मुंबईत कुंडी बदलायची ती मृगाच्या सरी पडून हवेत ओलावा आल्यावर, म्हणजे पाने कमी पाणी गमावतात. वैशाखाच्या उन्हात नव्हे. नवी कुंडी जुनीपेक्षा एक-दोन इंचांनीच मोठी असावी. पत्र्याचा डबा असेल तर तो बाजूने कापावा, रोप ओढून काढू नये. हुंडी आहे तशी उचलावी. मग पंधरा दिवस सावली, बेताचे पाणी, आणि खत मुळीच नाही. कारण जखमी मुळाला खताचा जोर सोसवत नाही. आणि शेवटची गोष्ट सर्वांत अवघड: रुजले की नाही हे पाहण्यासाठी रोप हलवून पाहू नये.

हे सारे ऐकत असताना आम्हांला वेलीपेक्षा आईच अधिक आठवत होती. तिला वसईला येऊन तीन महिने झाले होते. ती जेवत होती, रोजारी म्हणत होती, नातवंडांशी बोलत होती. आम्ही रोज विचारत होतो, "आई, करमतं ना?" ती रोज म्हणे, "करमतं." आमचा तो प्रश्न म्हणजे रोप हलवून पाहणेच होते.

लालबागला हे हलणे नवे नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने आणि तिच्यातील २००१ च्या बदलाने गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहण्याचा मार्ग मोकळा झाला. जवळच ना. म. जोशी मार्गावर, नायगावला आणि वरळीला बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळावयाचे आहे, आणि वरळीतील पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. त्याच वर्षी गिरणी कामगारांचे वारस मात्र शेलू आणि वांगणी येथील घरे नाकारून मुंबईतच घर मागत रस्त्यावर आले. एकाला चाळीच्याच जागी घर मिळते, दुसऱ्याला पन्नास मैलांवरचे देऊ केले जाते. कुंडी दोन्हीकडे नवीच आहे. भेद मातीचा आहे.

येथे कोणी म्हणेल, चाळीचे गोडवे गाणे सोपे आहे. पहाटे उठून नळावर भांडावे लागते, सार्वजनिक शौचालयापुढे म्हाताऱ्या माणसाने रांगेत उभे राहावे लागते, पावसाळ्यात छताखाली पातेली लावावी लागतात, ते कोण सांगणार? हे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. आमच्या आईने ती पातेली साठ वर्षांच्या आसपास लावली. ज्या रोपाची मुळे डबा फोडून बाहेर आली आहेत, त्याला 'राहा तेथेच' म्हणणे ही दया नव्हे, आळस आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात फळ न देणाऱ्या अंजिराची गोष्ट येते. मालक तोडावयास सांगतो. माळी वर्षभराची मुदत मागतो आणि त्या वर्षात झाडाभोवती खणण्याचे, खत घालण्याचे काम स्वतःच्या शिरावर घेतो. तो नुसती दया मागत नाही. मुदतीबरोबर कष्टही पत्करतो. न हलवता वाट पाहणाऱ्यालाही काही करावे लागते, आणि हलवणाऱ्याला तर त्याहून अधिक.

शिवाय दाखला कोठवर न्यावा यालाही मर्यादा आहे. माणूस वेल नव्हे. तो हलतो, रुजतो, पुन्हा हलतो. माझगावचे १६३२ सालचे ग्लोरिया चर्च विसाव्या शतकाच्या आरंभी भायखळ्याला आले, आणि तेथेही भाविकांच्या पिढ्या वाढल्या. आमची आई स्वतःच वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सावंतवाडीजवळच्या गावाहून लग्न होऊन लालबागेत आली होती. आपल्या समाजात प्रत्येक मुलीला एकदा असे उपटून दुसऱ्या अंगणात लावले जाते, आणि ती रुजली की आपण तिच्या सहनशीलतेचे कौतुक करतो. तिने मातीचा कोणता गोळा बरोबर आणला होता, हे मात्र आपण विचारीत नाही. म्हणूनच माणूस आणि वेल यांतला जो खरा भेद आहे, तो आपले ओझे हलके करीत नाही, उलट वाढवतो. वेलीला विचारता येत नाही; म्हणून तिची खूण वाचावी लागते. माणसाला विचारता येते. आणि आम्ही विचारले नव्हते.

त्या वर्षी २ नोव्हेंबर जवळ आला तेव्हा आई प्रथमच आपण होऊन बोलली. तिला शिवडीला जायचे होते. बाबा तेथील दफनभूमीत आहेत. लालबागहून ती दर महिन्याला तेथे जात असे, हे आम्हांला माहीत होते. पण सामानाची यादी करताना ते आमच्या ध्यानातच आले नव्हते. शिवडीच्या त्या दफनभूमीच्या जागी एकोणिसाव्या शतकात अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. जागा दफनासाठी घेतली गेली आणि बाग भायखळ्याला आली; १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झालेली तीच राणीची बाग. आमच्या बाबांनी बोगनवेल भायखळ्याहून आणली आणि ते स्वतः जुन्या बागेच्या मातीत गेले.

कबरीजवळ मेणबत्त्या लावून झाल्यावर आम्ही धीर करून विचारले, "आई, आमचं चुकलं का तुला आणण्यात?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणलंत ते चुकलं नाही. जिने मला आता चढवत नव्हते. पण कुठे जायचं ते तुम्ही ठरवलंत, तर बरोबर काय न्यायचं तेवढं तरी मला विचारायचं होतं." आणि थोड्या वेळाने, वेलीविषयी: "डबा गंजला की मी तो आहे तसाच मोठ्या डब्यात ठेवायची. दोनदा ठेवला. आतला पत्रा आपोआप कुजतो, मुळं आपल्या वेळेनं बाहेर येतात."

जो पत्रा आम्ही घाण म्हणून फेकला, तेच तिचे चाळीस वर्षांचे ज्ञान होते. काकांनी वाडीत शिकून जे सांगितले, ते आमच्या घरात गॅलरीच्या कठड्याशी रोज उभे होते. वसईभर विचारत फिरण्यापूर्वी आम्ही फक्त स्वयंपाकघरात जाऊन विचारले असते तरी पुरे होते.

मग आम्ही तिला विचारले की काय आणावयाचे राहिले. यादी फार मोठी नव्हती. महिन्यातून एकदा शिवडी. महिन्यातला पहिला रविवार जुन्या चर्चमध्ये, तिच्या नेहमीच्या बाकावर. आणि शेजारच्या काकू, ज्यांच्या घरी पन्नास वर्षे आमच्या नाताळच्या नेवऱ्या गेल्या आणि त्यांच्याकडून गणपतीचे मोदक आले. त्या आता काळाचौकीला भाड्याच्या खोलीत राहतात. यांपैकी एकाही गोष्टीला वसईच्या घरात जागा लागत नव्हती. आमचा रविवार तेवढा लागत होता.

काकूंकडे गेलो तेव्हा त्यांच्या खिडकीत एक डबा होता. आईच्या वेलीची फांदी त्यांनी कधीतरी लावली होती. पुढच्या जुलैत, पाऊस धरल्यावर, त्यांनी तो डबा आईच्या मांडीवर ठेवला. लोकलमध्ये गर्दी होती. आई खिडकीशी दोन्ही हातांनी डबा धरून बसली. घरी आल्यावर तिने सांगितले तसे केले. डबा काढला नाही, माती झाडली नाही. तळाला आणि बाजूंना भोके पाडून तो तसाच थोड्या मोठ्या कुंडीत ठेवला आणि भोवती माती भरली.

तीन आठवडे एकही नवे पान आले नाही. आम्ही येता-जाता वाकून पाहत होतो. आई आतून म्हणे, "हात लावू नका."

आईला लालबाग परत मिळाले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. चाळीच्या जागी इमारत वर चढते आहे, आईचे वय एकोणऐंशी झाले आहे, आणि नव्या घराची किल्ली तिच्या हातात केव्हा पडेल, हे आमच्या हाती नाही. किल्ली मिळेल तेव्हा पुन्हा एकदा हलण्याचा प्रश्न येईल. त्या रविवारच्या बैठकीत या खेपेस चार माणसे असतील, आणि प्रथम बोलण्याचा मान आईचा असेल. तोवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सकाळची गाडी पकडतो. वेलीला या मार्चमध्ये तीन फुले आली. आईने त्यांतले एक शिवडीला नेले, एक काळाचौकीला, आणि एक वेलीवर राहू दिले.